रिकाम्या जात्याचं शिबिर

आमी दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते एका जात्याला टाकी लावायचं. तेबी अर्धंच झालं.

दिवस मावळत आला होता. उत्रोलीतल्या आमच्या घराच्या पडवीत जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा गोल दगड, उपडी टाकलेली. मी छिन्नीवर हातोडी मारत होतो. पारू, माझी बायको, शेजारी तांब्या घेऊन बसली होती आन् बोटांनी दगडावर पाणी शिंपडत होती. ज्यांनी जातं फक्त हॉटेलात बघितलंय त्यांच्यासाठी सांगतो. दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मंग दाणा भरडला जात न्हाई, नुसता घसरून बाहेर येतो. तवा दोन्ही तळ्यांच्या आतल्या अंगाला छिन्नीनं बारीक बारीक खड्डे पाडायचे. त्याला टाकी म्हणतात. पाणी शिंपडलं की दगडाची भुकटी नाकात जात न्हाई. छिन्नी-हातोडीत माझे दोन्ही हात गुंततात, म्हणून पाण्याला तिसरा हात लागतो. तो तिचा. लगीन झाल्यापासून.

"अवो, उजेड गेला," पारू म्हणाली. "बोट फोडून घ्याल."

"अर्धी तळी राहिलीया."

"राहू द्या. दगड काय पळून जातोय व्हय? उद्या करू."

म्या छिन्नी ठेवली. तिनं पदरानं दगड पुसला, तांब्यातलं उरलेलं पाणी अळवाला घातलं आन् आत गेली.

हे जातं पुण्याच्या एका पोरीचं. ती आमची गिऱ्हाईक कशी झाली ते सांगायला बसलोय. माझ्या धंद्यात असं काम पुन्हा कुणाला मिळायचं न्हाई.

मी चौथी शिकलेला पाथरवट. भोर-वेल्ह्याच्या गावागावांतनं "पाट्याला टाकी, जात्याला टाकी" असं ओरडत जवानी गेली. पारू संगं असायची. गुंजवण्याच्या बाजूला गेलो की तिकडंच मुक्काम पडायचा. मंग पिठाच्या गिरण्या आल्या, मिक्सर आले, आन् माझं ओरडणं बंद झालं. आता गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलवाला. तो जातं नेतो, वर काच टाकतो आन् काचेवर चहा ठेवतो. दगडाला काय, चहा तर चहा.

थंडीच्या सुरवातीला पानशेतच्या पाण्याकाठच्या एका रिसॉर्टातनं मोबाईल आला. बाईचा आवाज.

"काका, मला डझनभर जाती पाहिजेत. ओरिजिनल. टेबलवाली नकोत, फिरणारी."

"एवढं दळण कुणाचं हाय?"

"दळण नाही काका. व्यायाम."

मला वाटलं रेंज गेली. पण काम ते काम. गावागावांत गोठ्यामागं, उकिरड्याशेजारी पडलेली जाती जमवली, खुंटे नवे बसवले, टाकी लावली आन् टेम्पोत भरून आमी दोघं पानशेतला गेलो.

तितं गवतावर चटया टाकल्या होत्या. पुण्यामुंबईच्या दहा-बारा बायका पाय पसरून बसलेल्या. दोन्ही हात एकात एक गुंतवून गोल गोल फिरवत होत्या. पुढ्यात काय बी न्हाई. पारू टेम्पोतनं उतरता उतरता थांबली.

"ह्या काय दळत्यात?"

"हवा."

"मंग पीठ लईच बारीक येत आसंल."

फोनवाली बाई पुढं आली. सगळे तिला मॅडम म्हणायचे, आमीबी म्हणू लागलो. पन्नाशीची, पण पळताना पंचविशीची दिसायची. तिनं आमाला समजावून सांगितलं. ज्यांना मूल होत न्हाई अशा जोडप्यांचं हे शिबिर. औषध न्हाई, नुसता व्यायाम. पहाटे पळायचं, मंग सूर्यनमस्कार, मंग दळणाचं आसन, मंग धरणाच्या कडेनं चालायचं. आता आसनाला खरी जाती पायजेत.

"काका, तुमच्या पिढीत आयव्हीएफ होतं का?"

"न्हाई."

"तरी एकेका बाईला आठ-आठ, दहा-दहा मुलं व्हायची. का? कारण ती जात्यावर बसायची. ओटीपोटाला व्यायाम मिळायचा."

दहातली किती जगायची ते मी बोललो न्हाई. जाती अजून टेम्पोतच होती.

"नवरे कुठं हायत?" पारूनं विचारलं.

मॅडमनं आंब्याच्या झाडाखाली बोट दाखवलं. तितं झोपाळे टांगलेले. नवरे झोपाळ्यात शहाळी पीत पडले होते.

"पुरुषांनी कूल राहायचं असतं," मॅडम म्हणाली. "त्यांचा तोच प्रोटोकॉल आहे."

"आमच्याकडंबी तोच हाय," पारू म्हणाली. "फकस्त शहाळं नसतं."

मॅडमला पारू आवडली. जात्याला कसं बसायचं, खुंटा कसा धरायचा, हे दाखवायला तिला ठेवून घेतलं. मलाबी ठेवलं, दगडांच्या देखभालीला. सैपाकघरामागं एक खोली दिली. पारूला नाव पडलं जातंआजी.

पहिल्याच दिवशी लफडं झालं. मॅडमनं माझ्या जात्यांवर रंगीत कागद चिकटवले. हिरवा म्हणजे लाईट, पिवळा म्हणजे मीडियम, लाल म्हणजे हेवी. म्या म्हटलं, जातं जड-हलकं दगडानं नसतं, आत घास किती घालता त्यावर असतं. घास म्हणजे वरच्या भोकात टाकायची मूठभर धान्याची भर. मॅडमनं ऐकून घेतलं आन् कागद तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी पिठाचं लफडं. गहू दळायला घेतला. एकीला शिंका सुटल्या, एकीला गहू चालत न्हाई, एकीच्या काळ्या पँटीवर पीठ बसलं. मॅडमनं टाळी वाजवली.

"लेडीज, उद्यापासून धान्य बंद. मूव्हमेंट महत्त्वाची आहे. जातं रिकामंच फिरवायचं."

पारूचा हात खुंट्यावरच थांबला. आमच्याकडं लहान पोर जरी रिकामं जातं फिरवायला लागलं तरी म्हातारी त्याच्या हातावर चापट मारते.

"रिकामं फिरवू नये, बाई. घराला बरं नसतं."

"आजी, ही अंधश्रद्धा झाली. आपण इथं सायन्सवर चाललोय."

"मॅडम, तिचं सोडा, धंद्याचं ऐका," म्या म्हटलं. "आत दाणा नसला की दगडावर दगड घासतो. टाकी जाते. जातं स्वतःलाच दळतं."

"मग किती टिकतील?"

"तुमचं शिबिर टिकंल तवर."

"पुरे झालं," मॅडम म्हणाली.

झालं. रोज सकाळी डझनभर बायका रिकामी जाती घरघरा फिरवायच्या. आवाज असा, की धरणावरचे बगळे उडायचे. संध्याकाळी जात्यांखालची करडी भुकटी मी झाडून काढायचो. आन् पुन्हा टाकी. इतकं काम मला उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं.

मंग एक दिवस फाटकापाशी बोर्ड लागला. मोठा, प्लास्टिकच्या कापडाचा, लाकडी चौकटीवर ताणलेला. त्यावर पारूचा फोटो. जात्याशी बसलीया, डोक्यावर पदर, हसतीया. पारूला वाचता येत न्हाई.

"काय लिव्हलंय?"

म्या वाचलं. "सहा मुलांची आई. सहाही बाळंतपणं घरी. गुपित एकच, जातं."

आमाला कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनं म्हातारी बघितली, लुगडं बघितलं आन् आकडा घातला.

हितं सांगून टाकतो. आमाला मूल न्हाई. भोरला दाखवलं, पुण्याला दाखवलं, दोघांनीबी तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोष कुणातच न्हाई. दोष न्हाई आन् पोरबी न्हाई, असंबी असतं. गावाला ते पटत न्हाई. गावाला दोष पायजेच असतो, आन् तो बाईतच सापडतो. पारूला कुणी तोंडावर वाईट बोलायचं न्हाई. फक्त कुणाच्या सुनेची ओटी भरायची असली की बायका तिला म्हणायच्या, "पारूबाई, तुमी जरा चुलीकडं बघता का?" ओटी भरणं म्हणजे पोटुशीच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा. ते लेकुरवाळीनं करायचं असतं. अख्ख्या उत्रोलीच्या ओट्या भरल्या जात असताना पारूनं चुली सांभाळल्या.

आन् ती तर पाऊण आयुष्य जात्यावर बसलेली. व्यायामानं पोर होत असतं तर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसती.

बोर्ड ऐकून ती रडंल असं मला वाटलं. ती हसायला लागली.

"सा? मंग हायती कुठं? एक तरी तांब्याभर पानी द्यायला यील का?"

"मॅडमला सांगू का, काढा म्हणून?"

"असू द्या. फुकट सा पोरं मिळाली. हगणं-मुतणंबी काढाय लागलं न्हाई."

मंग तो आमचा खेळच झाला. पाहुण्या बायका विचारायच्या, आजी, मुलं काय करतात? पारू ठोकून द्यायची. थोरला एसटीत ड्रायव्हर. दुसरी लेक वेल्ह्याला दिलीया, सासू खाष्ट. तिसरा फौजेत. रात्री खोलीत ती मला बजावायची, "धाकट्याला जरा बोला तुमी. लई शेफारलाय. तुमचंच ऐकतो." मीबी म्हणायचो, "तूच लाडावून ठेवलायस." धाकट्याला आमी नाव ठेवलं न्हाई. का कोण जाणे.

त्या बायकांत एक केतकी होती. हीच ती पोरगी. तिशी उलटलेली, कंपनीत कामाला. बारीक म्हणजे किती, बांगडी सरकून कोपरापर्यंत जायची. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या पुढं पळायची. लाल कागदाचं जातं तिनं पहिल्या दिवशीच बळकावलं. बाकीच्या उठल्या तरी ही फिरवतच बसायची. जेवायला काकडी आन् सुपाची वाटी. मॅडमनं सगळ्यांनाच वजन कमी करायला सांगितलं होतं. एक बाई खरंच अंगानं भरलेली होती, तिला ते ठीक. केतकीच्या अंगावर कमी करण्यासारखं एक नाकच होतं.

पारूला ते बघवायचं न्हाई.

"पोरी, नाचणीची भाकर केलीया. गरम हाय."

"नको आजी. कार्ब्स बंद आहेत माझे."

"मंग उघड की."

केतकी हसली, पण खाल्लं न्हाई. खुंटा फिरवत म्हणाली, "आजी, हा शेवटचा प्रयत्न आहे माझा. घरी सगळ्यांना सांगून आलेय. यानंतर नाही. त्यामुळे सगळं नीट करायचंय, काहीच चुकवायचं नाही."

तिचा नवरा अमेय झोपाळ्यातनं ओरडला, "केतू, पाणी पी गं!" एवढं त्याचं लक्ष असायचं. माणूस वाईट नव्हता. त्याला झोपाळ्यात ठेवलं होतं, तो झोपाळ्यात राहिला.

शिबिर निम्म्यावर आलं आन् एका सकाळी मॅडमनं पितळेची घंटा बडवली. सगळे गोळा झाले. केतकीची पाळी लांबलेली. मॅडमनं तिला मिठी मारून सगळ्यांदेखत जाहीर केलं, "गुड न्यूज!"

तपासणीचं किट तितं वापरायला बंदी होती. त्यानं म्हणे निगेटिव्ह विचार येतात. केतकी आधी बावरली, मंग रडली, मंग हसली. अमेय झोपाळ्यातनं उतरताना पडला. टाळ्या झाल्या. मॅडमनं कॅमेरावाल्याला उभं केलं आन् सैपाकघरातनं ताट मागवलं. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू.

"जातंआजी, या पुढं. सहा मुलांच्या आईच्या हातून आपल्या पहिल्या बाळाची ओटी!"

मी जात्यापाशी छिन्नी घेऊन उभा होतो. पारूनं नारळ उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी ओटी भरायला पुढं बोलावलं होतं. मला वाटलं, भरून टाक पारू. कुणाला कळणार हाय? तुझं राहिलेलं होऊ दे.

ती केतकीपुढं उभी राहिली, आन् हात पुढं जायना. तिनं माझ्याकडं बघितलं. मंग केतकीला म्हणाली,

"पोरी, मला मूलबाळ न्हाई. ती सा पोरं त्या बोर्डावरची हायत. एवढे दिस म्या थट्टा केली. थट्टा येगळी, ओटी येगळी. आमच्यात माज्यासारखीला ओटी भरू देत न्हाईत. तुला चालंल का?"

"कट! कट!" मॅडम ओरडली.

केतकीनं बोर्डाकडं बघितलं, मंग पारूच्या हातातल्या नारळाकडं. ती व्यायामाच्या पँटीत होती, पदर कुठला असायला. तिनं टी-शर्टाचं खालचं टोक दोन्ही हातांनी पुढं ओढून झोळी केली.

"भरा आजी."

पारूनं ओटी भरली. तांदूळ टी-शर्टातनं सांडत होते, पारू उचलून पुन्हा घालत होती. कॅमेरा बंदच होता. ते एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी लाल जात्यावर बसली. गुड न्यूजनंतर व्यायाम वाढवायचा असं मॅडमचं म्हणणं. घरघर चालू होती, मी पलीकडं टाकी लावत होतो. एकदम घरघर थांबली. वळून बघतो तर पोरगी जात्यावर पालथी. तोंडाला, केसाला दगडाची भुकटी.

अमेयनं तिला उचलून गाडीत घातलं. तिनं पारूचा हात धरलेला, तो सुटंना. म्हणून पारू आत बसली, पारूमागं मी. मॅडम म्हणाली, "काही नाही, पहिल्या महिन्यात होतं असं." पण ती गाडीत बसली न्हाई.

वेल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरणीच होती. सलाईन लावलं. लघवी तपासली. मंग खुर्ची ओढून केतकीजवळ बसली.

"तुम्ही प्रेग्नंट नाही आहात."

अमेय म्हणाला, "पण डेट उलटून गेलीये..."

"याआधी नियमित यायची?"

"वर-खाली होतीच," केतकी भिंतीकडं बघत म्हणाली. "डाएट सुरू केल्यापासून. मॅडम म्हणाल्या, बॉडी डिटॉक्स होतीये."

डॉक्टरीणबाईनं खाणं विचारलं, व्यायाम विचारला. जातं ऐकून तिनं पेन खाली ठेवलं.

"व्यायाम वाईट नाही. चाला, आसनं करा, हौस असेल तर दळासुद्धा. पण शरीराला काम एवढं आणि खायला काकडी, तर ते आधी तुम्हाला जगवतं. बाकीचं बंद ठेवतं. पाळी त्यामुळेच थांबली असण्याची शक्यता आहे. वजन कमी करा, हे ज्याचं जास्त आहे त्याला सांगतात. तुमचं काय कमी करायचं, हाडं? पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्त तपासा." मंग ती अमेयकडं वळली. "तुमची तपासणी झालीये?"

"माझी?" अमेय लाल झाला. "मी तर रेग्युलर जिमला जातो."

"जिमला ती तपासणी करत नाहीत."

मला हसू आलं. पारूनं चिमटा काढला.

केतकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आजी, ओटी वाया गेली ना?"

पारूनं पिशवीतनं फडकं काढलं. सकाळची नाचणीची भाकर आन् लसणाची चटणी. "ओटीचं नारळ-तांदूळच असतं पोरी, ते खायचं असतं. वाया कशाला जातंय? आदी ही खा. मंग रड. उपाशीपोटी रडू नये."

ती रडत रडतच खायला लागली. अर्धी तिनं खाल्ली, अर्धी अमेयनं. माझ्या न्याहारीची होती, पण म्या सांगितलं न्हाई.

आमी परत रिसॉर्टात गेलो तर मॅडम फाटकातच उभी. केतकीचं काय झालं ते तिला फोनवरनं कळलेलं.

"काका, मला वाईट वाटतं बोलायला, पण तुम्ही आधी सांगायला हवं होतंत. अशा... म्हणजे ज्यांची एनर्जी तशी नसते, त्यांच्या हातून ओटी. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. आपल्या पूर्वजांनी नियम काही उगाच नाही केले."

दगडाच्या बाबतीत सायन्स आन् बाईच्या बाबतीत पूर्वज, असा तिचा हिशेब.

म्या म्हटलं, "मॅडम, आमच्या गावच्या बायकाबी हेच म्हणत आल्यात. पण त्या त्याला एनर्जी म्हणत न्हाईत, आन् त्याची फी घेत न्हाईत."

"तुम्ही जाऊ शकता."

"जाती?"

"तीही घेऊन जा. नाहीतरी गुळगुळीत झालीयेत."

टेम्पोत जाती चढवली. पारू बोर्डापाशी गेली आन् तो उपटायला लागली.

"अगं, काय करतीयास?"

"ह्यांना आता काय उपेग न्हाई त्येचा. आपलं कोंबड्यांचं खुराडं गळतंय. वर घालू."

तसा तो बोर्ड उत्रोलीत आमच्या खुराड्यावर गेला. सहा मुलांची आई वर हसतीया, खाली कोंबड्या. ते शिबिर अजून चालू हाय. जाती बंद झाली. आता तितं मुसळं घेऊन रिकामं उखळ कांडतात असं ऐकलं.

होळीच्या सुमाराला पारूला केतकीचा मोबाईल आला. पारू परसात जाऊन लई वेळ बोलली. आली ती पदरानं डोळे पुशीत, हसत.

"काय झालं? दिवस गेले का?"

"न्हाई. पाळी आली."

मला कळंना. त्या शिबिरात पाळी आली की बाया आक्रोश करायच्या. हिची आली म्हणून दोघी फोनवर रडत-हसत होत्या.

"अवो, बंद पडलेलं सुरू झालं. जेवती आता नीट. फिरायला जाती, थोडं आसनं करती. त्याचीबी तपासणी झाली, औषध चालू हाय. पुढचं पुढं, म्हणती. झालं तर झालं." मंग म्हणाली, "ते लाल कागदवालं जातं मागितलंय तिनं."

"पुन्हा व्यायाम?"

"व्यायामाला न्हाई. पिठाला. नाचणी दळून भाकरी करायचीया म्हणती. चांगली टाकी लावून द्या. म्या कबूल केलंय."

तेच ते जातं. रिकामं फिरून फिरून आरशासारखं झालेलं. खालच्या तळीची टाकी झाली, वरच्या तळीची अर्धी झाली, उजेड गेला, आन् पारू म्हणाली उद्या करू.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच न्हाई. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय.

माणसं जमली. पुतण्यानं विचारलं, "तात्या, काकीचा फोटो?" घरात तिचा एकच मोठा फोटो, खुराड्यावरचा. त्यानं तो आणला, धुतला, भिंतीला टेकवला, हार घातला. खालची ओळ कापायचं त्याला सुचलं न्हाई आन् म्या सांगितलं न्हाई. उत्रोलीतल्या बायका येत होत्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं. सहा मुलांची आई. एकीनंबी हूं का चूं केलं न्हाई. त्यांतल्या कितीतरी जणींच्या ओटीच्या वेळी चूल पारूनं सांभाळली होती.

तिची सहा पोरं आली न्हाईत. पुतण्यानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत आलो. तळी उपडी पडलेली, अर्धी खरबरीत, अर्धी चकचकीत. म्या छिन्नी-हातोडी घेतली. पुतण्याची बायको चहा घेऊन आली.

"मामंजी, सुतक हाय. हत्यार नका धरू."

"कालच व्हायचं होतं ते. आदीच एक दिवस उशीर झालाय."

ती चहा ठेवून गेली. म्या हातोडी मारायला घेतली. भुकटी उडायला लागली. दोन्ही हात गुंतलेले, पाणी कोण मारणार? तांब्यातनं तोंडात घोट घेतला आन् फुंकून दगडावर मारला. तसंच करत करत उरलेली अर्धी तळी केली. तिच्या हातानं पाणी सारखं पडायचं. माझं कुठं पडलं, कुठं न्हाई.

मंग तळी तळीवर बसवली, खुंटा ठोकला. नवी टाकी लावली की जातं एकदा फिरवून बघावं लागतं. पहिल्या दळणात दगडाची कच येते, ते कोंबड्यांना टाकायचं. ते बघायचं काम पारूचं होतं. मी आत जाऊन डब्यातनं ओंजळभर नाचणी आणली. जातं फिरवायला कुणाची ना न्हाई, आत दाणा पायजे, एवढंच माझ्या धंद्याचं शास्त्र.

घास घातला. खुंट्याला दोघांचे हात बसतील एवढी उंची असते. म्या हात खालीच धरला, वर जागा सोडून, आन् फिरवायला लागलो.